सायकलीचा साज : गणेशगुडीच्या रस्त्यावरून

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला, अरण्याने वेढलेला मुलूख आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात मोडत असे. पुढे सीमा बदलली, तरी कोकणी आणि मराठीचा वावर येथून गेलेला नाही. याच तालुक्यात गणेशगुडी येथे काळी नदीवर सुपा धरण उभे आहे. १०१ मीटर उंचीचे हे धरण १९८७ साली पूर्ण झाले आणि काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावरील जुने सुपा गाव त्याच्या जलाशयाखाली गेले. धरण पाहावयास आणि नदीच्या वेगवान प्रवाहातून रबरी नावांनी सफर करावयास पर्यटक येथे येतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र धरण नव्हे आणि नदीही नव्हे. या रस्त्यावरून शाळेला, बाजाराला आणि कामाला जाणारी साधी सायकल हा त्याचा विषय आहे.

सायकलीविषयी लिहिण्यास पुण्यासारखे शहर सोडून हे आडवाटेचे ठिकाण का निवडावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर रस्त्यातच आहे. गणेशगुडीच्या एका बाजूस दांडेली, दुसऱ्या बाजूस जोयडा. दोन्हीकडे जाताना रस्ता सरळ असा फार थोडा. चढ संपतो न संपतो तोच वळण आणि उतार. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असा की, रस्त्याच्या कडेची तांबडी माती वाहून डांबरावर येते. भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. दिवस मावळल्यावर झाडांखाली जो अंधार पडतो, त्याची कल्पना शहरवासीयांना येणार नाही. गव्यांचा कळप रस्ता ओलांडीत असणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. सपाट, कोरड्या, दिव्यांनी उजळलेल्या रस्त्यावर कोणतीही सायकल चांगलीच वाटते. ज्या वस्तूंवाचून तेथे भागते, त्यांची खरी किंमत असल्या रस्त्यावर कळते. आपल्याकडील चंदगड, आजरा, आंबोली, महाबळेश्वर किंवा इगतपुरी या भागांतील रस्ते काही वेगळे नाहीत. म्हणून येथे जे लागू पडेल, ते तेथेही लागू पडेल.

या विचाराला आज एक व्यावहारिक निकडही आहे. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाअंतर्गत आठवी ते बारावी या इयत्तांत शिकणाऱ्या आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना आहे. २०२२ साली ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. कर्नाटकात २००६-०७ साली जी मोफत सायकल योजना सुरू झाली, तीत शासनच सायकल खरेदी करून ती विद्यार्थ्यांच्या हाती देत असे. आपल्या योजनेत रक्कम बँक खात्यात जमा होते आणि सायकलीची निवड कुटुंबाला करावी लागते. म्हणजे दुकानात उभे राहून निर्णय घ्यावयाचा तो मुलीच्या आईवडिलांनी. दुकानदार त्यांच्यापुढे भडक रंगाची, जाड टायरची, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा बसविलेली सायकल उभी करतो. ती दिसावयास देखणी असते यात वाद नाही. परंतु तिला मडगार्ड नसते, कॅरिअर नसते, चेनकव्हर असलेच तर अर्धेमुर्धे, आणि दिव्याचा तर पत्ताच नसतो. विचारल्यास या वस्तू 'एक्स्ट्रा' आहेत असे उत्तर मिळते.

त्या खरोखरच 'एक्स्ट्रा' आहेत काय?

सायकलीमुळे मुलींच्या शिक्षणात काय फरक पडतो, हे बिहारच्या अनुभवावरून दिसून आले आहे. तेथे २००६ साली नववीतील मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि या बाबतीत मुलगे व मुली यांच्यामधील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तेथे हा परिणाम विशेष दिसला. परंतु हा लाभ सायकल रोज रस्त्यावर असेल तरच पदरात पडतो. घराच्या पडवीत टेकवून ठेवलेल्या सायकलीने कोणीही शाळेत जात नाही. सायकल पडवीत का राहते, याचे कारण पुष्कळदा एखाद्या दहा-वीस रुपयांच्या किंवा फार तर दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूत असते.

दोन सारखी चाके, मागच्या चाकाला साखळीने गती, या आजच्या रूपातील सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली तयार केली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. पुढील पंचवीस-तीस वर्षांत सायकलीवर जो साज चढला, तोच थोड्याफार फरकाने आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळ्या सायकलीवर होता. सळ्यांचे ब्रेक, मोठी मडगार्डे, साखळीवर पत्र्याचे आवरण, मागे कॅरिअर, दोन पायांचा स्टँड, घंटी, डायनामो. आपल्याकडे मुंबईत हिंद, मद्रासेत टी. आय., सोनीपतला अॅटलस, आसनसोलला सेन-रॅले आणि लुधियान्यात हिरो असे कारखाने उभे राहिले. त्यांनी हे रूप फारसे न बदलता घराघरांत पोहोचविले. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याचे दिसून आले होते. ज्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, तेथे कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली उघडलेल्या सायकल संग्रहालयात जुन्या सायकली आणि त्यांचे सुटे भाग पाहावयास मिळतात. ते पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळच्या कारागिरांनी शोभेसाठी म्हणून फारच थोडे बसविले होते. बहुतेक वस्तू कोणत्या ना कोणत्या त्रासातून जन्मलेल्या आहेत.

मडगार्डाचेच पाहा. पावसाळ्यात मागचे चाक रस्त्यावरचे पाणी उचलून स्वाराच्या पाठीवर चिखलाचा पट्टा ओढते, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचे चाक काय करते, हे तितकेसे लक्षात येत नाही. पुढच्या चाकाने उडविलेला गाळ थेट साखळीवर, दातेरी चक्रावर आणि पायडलच्या आसात जातो. तांबड्या मातीत बारीक वाळू असते. ती तेलात मिसळली की कानशीसारखे काम करते आणि साखळीचे सांधे झिजतात. साखळी सैल पडली की दाते खातात, दाते झिजले की चढावर साखळी उडते, आणि चढावर साखळी उडाली म्हणजे स्वाराचा गुडघा हँडलवर आपटतो. हा सारा प्रवास एका मडगार्डाच्या अभावी सुरू होतो. दांडेली-जोयडा मार्गावर सायकली दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराला याविषयी विचारले असता तो म्हणाला, "साहेब, पोरं नवी गाडी घेऊन मिरवतात. पहिला पाऊस लागला की येऊन विचारतात, मामा, मडगार्ड बसवता काय? गाडीला तर ते बसवायला भोकच ठेवलेलं नसतं. मग मी काय करू?"

हे भोक तपासून घेण्याजोगे आहे. मडगार्ड नंतर बसवू असे म्हणून सायकल घ्यावयाची असेल, तर मागच्या आसाजवळ आणि चिमट्याच्या वरच्या भागी त्यासाठी छिद्रे आहेत की नाहीत, हे दुकानातच पाहावे. दुसरी गोष्ट अशी की, मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोटभर तरी अंतर असावे. चिकट मातीच्या प्रदेशात टायरला घासून बसणारे मडगार्ड गाळाने भरते आणि चाक फिरेनासे होते. सोलापूर-मराठवाड्याकडील काळ्या मातीत हा अनुभव शेतकऱ्यांना नित्याचा आहे. पुढच्या मडगार्डाच्या टोकाला रबराची लोंबती पट्टी असली की साखळीचे आयुष्य आणखी वाढते. जुन्या टायरच्या तुकड्यातून ती कोणीही कापून घेऊ शकतो.

साखळीवरील पूर्ण आवरणाचे काम दुहेरी आहे. ते गाळापासून साखळीला वाचविते आणि साखळीपासून वस्त्राला. पुरुषांनी पायजम्याला चिमटा लावून किंवा विजारीची घडी मोज्यात खोचून हा प्रश्न सोडविला. मुलींना तसे करता येत नाही. सलवार साखळीत सापडून फाटली, तेलाचा डाग पडला, एवढ्यावर निभावले तर ठीक. खरा धोका ओढणीचा आहे. मागे सोडलेली ओढणी चाकाच्या तारांत सापडली म्हणजे ती क्षणार्धात गळ्याभोवती आवळते. अशा अपघातांत गंभीर इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदली गेली आहेत. ओढणी कमरेशी घट्ट बांधावी, हा उपदेश शाळेत अवश्य व्हावा. परंतु केवळ उपदेशावर विसंबू नये. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस वरच्या अर्ध्या भागावर जाळी बसविलेली असते, तिला काही ठिकाणी साडीगार्ड म्हणतात. कॅरिअरवर बसविलेल्या लहान भावंडाची टाच चाकात जाणे हा दुसरा नेहमीचा अपघात. टाचेची कातडी सोलवटून निघते आणि जखम भरावयास आठवडे लागतात. तोही याच जाळीने टळतो. इतकी उपयुक्त वस्तू नव्या सायकलींवरून सर्वांत आधी नाहीशी व्हावी, हे खेदजनक आहे.

आता ब्रेकांकडे वळू. या विषयात थोडे अधिक खोलात शिरणे आवश्यक आहे, कारण घाटातील उतारावर मनुष्याचा जीव या दोन रबरी तुकड्यांवर असतो.

सायकलीचा वेग दुप्पट झाला की ती थांबविण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला पाच मीटर अंतर तोडते. समोर गुरे दिसली, मनाने ती टिपली आणि बोटांनी ब्रेक दाबले, एवढ्याला एक सेकंद गेला तरी पाच मीटर सरले, थांबणे त्यानंतरचे. उतारावर हाच वेग सहज ३६ पर्यंत जातो. मग त्या एका सेकंदात दहा मीटर जातात आणि प्रत्यक्ष थांबण्याचे अंतर चौपट होते. हा झाला कोरड्या रस्त्याचा हिशेब. पाऊस आला की जुन्या सायकलींचा एक मोठा दोष उघड होतो. त्यांच्या रिमा पोलादी, वर चकचकीत मुलामा चढविलेल्या. मुलामा ओला झाला की रबर त्यावरून घसरते आणि ब्रेक दाबूनही पहिल्या काही फेऱ्यांत जवळजवळ काहीच होत नाही. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओलेपणीही रबराला बरीच अधिक पकड मिळते. जुन्या साजातील पुष्कळ गोष्टींची या लेखात तरफदारी केली आहे. पोलादी रिमची करता येत नाही. डोंगराळ व पावसाळी भागासाठी सायकल घेताना शक्य असल्यास अॅल्युमिनियमच्या रिमा मागाव्यात.

सळ्यांचे ब्रेक चांगले की तारांचे, हा वाद सायकलस्वारांत फार जुना आहे. सळी तुटत नाही, गंजली तरी ओढ देते आणि पाना-पक्कड असलेला कोणीही ती नीट करू शकतो. तार अधिक जोराने व हलकेपणाने ओढते, परंतु तिच्या आवरणात पाणी शिरले की गंजून अडकते. गणेशगुडीसारख्या ठिकाणी तारांचे ब्रेक असतील, तर पावसाळ्यापूर्वी तार काढून तिला ग्रीस लावणे आणि एक सुटी तार घरी ठेवणे, एवढे केले की पुरे. कोणतेही ब्रेक असोत, उतार सुरू होण्यापूर्वीच ते हलके लावून रिम पुसून घ्यावी, ही या भागातील जुन्या स्वारांची सवय अनुकरणीय आहे. ब्रेकचे रबर झिजून त्याखालचे लोखंड रिमला लागू लागले, तर तो आवाज दुर्लक्षिण्याचा नव्हे. नव्या रबराची जोडी अल्प किमतीत मिळते.

चढाचा प्रश्न गिअरचा आहे. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीला पुढे साधारणतः ४४ आणि मागे १८ दाते असतात. चाकाचा व्यास २८ इंच धरला, तर पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल सुमारे ५.५ मीटर पुढे जाते. पुण्याच्या किंवा सांगलीच्या सपाट रस्त्यावर हे प्रमाण उत्तम. घाटात मात्र पाय अडतात आणि उतरून ढकलणे नशिबी येते. गिअरची सायकल घ्यावी, असे यावर चटकन सुचविले जाते. गिअर दोन प्रकारचे. एकात साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकते. फ्रान्समधील प्रसिद्ध 'तूर द फ्रान्स' शर्यतीत १९३७ पासून या यंत्रणेला मुभा मिळाली आणि पुढे तिचाच सर्वत्र प्रसार झाला. दुसऱ्या प्रकारात सारी दातेरी चक्रे मागच्या चाकाच्या तुंब्यात बंदिस्त असतात. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १९०२ साली स्थापन झालेल्या स्टर्मी-आर्चर कंपनीचे तीन वेगांचे गिअर या प्रकारातील. त्यातील सर्वांत हलका गिअर मूळच्या तीन-चतुर्थांश प्रमाणाचा, म्हणजे आपल्या सायकलीवर एका फेरीत सुमारे ४.१ मीटर देणारा. बंदिस्त असल्यामुळे त्यात पाणी व गाळ शिरत नाही, आणि पावसाळी मुलखाला हाच प्रकार अधिक मानवणारा आहे. अडचण एवढीच की, आपल्या बाजारात तो दुर्मीळ आणि महाग आहे. जे गिअर स्वस्त सायकलींवर मिळतात ते उघडे असतात. एका पावसाळ्यात त्यांचा हात वाकतो, तारा अडकतात, आणि खेड्यात त्यांची दुरुस्ती जाणणारा कारागीर मिळणे कठीण.

तर मग उपाय काय? उपाय साधा आहे आणि दुकानदार तो आपणहून सुचवीत नाही. मागचे १८ दातांचे फ्रीव्हील काढून २२ दातांचे बसवावे आणि साखळीत एखादी कडी वाढवावी. एका फेरीतील अंतर साडेचार मीटरच्या आसपास येते आणि पायावरील भार जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. सपाटीवर सायकल थोडी सावकाश जाईल, हे खरे. परंतु शाळेत जाणाऱ्या मुलीला शर्यत जिंकावयाची नसते; चढावर न उतरता वर पोहोचावयाचे असते. खर्च एका फ्रीव्हीलचा, आणि बिघडण्याजोगे काही नाही. पुढच्या चिमट्यातील स्प्रिंगांविषयी मात्र स्पष्ट सांगावयास हवे. स्वस्त सायकलीवरील स्प्रिंगा वजन वाढवितात, चढावर पायाचा जोर गिळतात आणि गंजल्यावर नुसत्या शोभेपुरत्या उरतात. तोच पैसा रिमा, मडगार्ड आणि दिवा यांत घालावा.

दिव्याचा विचार रात्री प्रवास करणाऱ्यांनीच करावयाचा आहे, अशी समजूत आहे. ती घाटात लागू पडत नाही. श्रावणात दुपारी चार वाजता धुके उतरले की पंधरा-वीस मीटरांपलीकडचे दिसत नाही. हिवाळ्यात शाळा सुटून तीन-चार किलोमीटर तोडेपर्यंत झाडांखाली काळोख झालेला असतो. आपल्या शहरांत एके काळी बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत, आणि दिवा विझला की लोक नाक्याअलीकडे उतरून सायकल हातात धरून चालत. त्या दिव्यांचाही एक इतिहास आहे. प्रथम रॉकेलची चिमणी. मग कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पाडून निघणाऱ्या वायूचा दिवा. त्यानंतर टायरला घासून फिरणारा डायनामो. सहा व्होल्टांचा हा डायनामो बरीच वर्षे उत्तम सोबती ठरला. त्याचे दोन दोष स्वारांना पाठ असत. सायकल थांबली की दिवा विझतो, आणि टायर ओला झाला की डायनामोचे चाक घसरून उजेड मंदावतो. म्हणजे जेव्हा उजेडाची गरज सर्वाधिक, तेव्हाच तो दगा देतो. आज एलईडी दिव्यांनी ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे. विद्युत्‌घटावर चालणारा लहानसा एलईडी दिवा थोड्या शक्तीत पुरेसा प्रकाश देतो, मग चाक फिरो वा न फिरो. चार्ज करावयाचा दिवा घेतला, तर वीज वारंवार जाणाऱ्या गावी तो शाळेतच चार्ज करण्याची सोय मुख्याध्यापकांनी करून द्यावी, अशी सूचना येथे कराविशी वाटते. त्यास खर्च नाही.

दिव्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व परावर्तकांना आहे. पुढचा दिवा स्वाराला रस्ता दाखवितो. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला स्वार दाखविण्याचे काम परावर्तकाचे आहे. त्याला घट लागत नाही, तार लागत नाही, तो विझत नाही. पुढे पांढरा, मागे तांबडा आणि पायडलांवर पिवळा, अशी त्याची ठेवण असते. यांत पायडलांवरच्या परावर्तकाचे वैशिष्ट्य असे की, तो वर-खाली हलत राहतो आणि त्या हालचालीवरून हा दगड किंवा मैलाचा खांब नसून सायकलस्वार आहे, हे चालकाच्या मनाला लांबूनच उमगते. या साधनाच्या दर्जाविषयी केंद्र शासनाने २०२० साली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात यावे. तथापि चिखलाने माखलेला परावर्तक आंधळाच. आठवड्यातून एकदा तो ओल्या फडक्याने पुसणे, एवढे काम घरातील धाकट्यालाही सांगता येईल.

जर्मनीत परावर्तक आणि घंटी यांविना सायकल रस्त्यावर आणणे आणि अंधारात ती दिव्यांविना चालविणे नियमबाह्य आहे. तेथे २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनामोच सक्तीचा होता. जपानमध्ये गृहिणी ज्या सायकलीवरून बाजारहाट करतात, तिला पुढे टोपली, मागे भक्कम स्टँड, बंदिस्त साखळी आणि मागच्या चाकालाच जडविलेले कुलूप असते. हे देश आपल्याहून गरीब नाहीत आणि तेथे हलक्या, वेगवान सायकलींची वाण नाही. तरीही रोजच्या कामाच्या सायकलीवरून त्यांनी साज उतरविलेला नाही.

कॅरिअर आणि स्टँड यांचा विचार एकत्र करावा लागतो, कारण एक ओझे घेतो आणि दुसरा ते उभे ठेवतो. मुंबईचे डबेवाले, दूधवाले, पोस्टमन यांची सारी कामे या दोन वस्तूंवर चालत आली. विद्यार्थ्याच्या बाबतीत ओझे म्हणजे दप्तर. ते पाठीवर असले की चढावर खांदे ओढले जातात, घामाने पाठ भिजते आणि गुरुत्वमध्य उंच गेल्यामुळे वळणावर तोल सांभाळावा लागतो. तेच दप्तर कॅरिअरच्या चापाखाली दाबले की सायकल स्थिर चालते. कॅरिअर आसाशी आणि सीटच्या नळीशी अशा दोन्ही ठिकाणी बोल्टने आवळलेले असावे. केवळ सीटच्या नळीला टांगलेले कॅरिअर ओझ्याने खाली झुकून मडगार्डावर टेकते. एका पायाचा स्टँड दुकानाच्या फरशीवर शोभतो. ओल्या मातीत तो रुतून बसतो आणि दप्तरासकट सायकल आडवी होते. मागच्या आसावर बसविलेला, दोन पायांचा, स्प्रिंगचा स्टँड हाच पावसाळी अंगणात खरा. शिवाय त्यावर मागचे चाक अधांतरी फिरते. साखळीला तेल द्यावयाचे असो की चाकाचा 'आउट' काढावयाचा असो, वेगळे उपकरण लागत नाही.

घंटीविषयी फार लिहावयास नको. ती असावी आणि वाजावी. जंगलाच्या वळणावर ती माणसांसाठी जितकी, तितकीच जनावरांसाठी. अचानक समोर येऊन ठाकण्यापेक्षा आपण येत आहोत हे आधी कळविणे दोघांच्याही हिताचे.

सीटची उंची हा साजाचा भाग नव्हे, परंतु ती चुकली तर बाकी सारे व्यर्थ जाते. मूल वाढेल म्हणून मोठी सायकल घेण्याची आपली रीत कपड्यांच्या बाबतीत ठीक आहे. सायकलीच्या बाबतीत मात्र मुलीचा पाय जमिनीला टेकत नसेल, तर वळणावर थांबण्याची वेळ आली की ती कलंडणार. मधला दांडा खाली झुकलेली सायकल घ्यावी, सीट खाली घ्यावी आणि दरवर्षी थोडी थोडी वर करावी. सीटची नळी त्यासाठीच लांब दिलेली असते. फक्त तिच्यावरील मर्यादेच्या खुणेपलीकडे ती ओढू नये.

राहता राहिला टायर आणि त्यातील हवा. या प्रदेशात बाभळीचा काटा क्वचित, तीक्ष्ण खडीचे भय अधिक. हवा कमी असेल तर खड्ड्यात टायर दबतो, ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चेंगरते आणि तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. अशी जोडीची छिद्रे दिसली की काटा शोधीत बसू नये. हवा कमी होती, असे समजावे. आपल्या साध्या सायकलीच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, त्यात रबराची बोटाच्या पेराएवढी बारीक नळी पितळी तुकड्यावर चढविलेली असते. ही व्हॉल्व्ह-ट्यूब कुजली की हवा हळूहळू निघून जाते आणि पंक्चर झाल्याचा भास होतो. नवी नळी सायकलीच्या दुकानात अल्प किमतीत मिळते आणि ती ओली करून हाताने चढविता येते. परदेशी पद्धतीच्या बारीक व्हॉल्व्हला वेगळ्या तोंडाचा पंप लागतो आणि गावातील पंप त्याला बसत नाही. सायकल घेताना ही बाब विचारून घ्यावी. वर्गातील दहा-बारा मुलींच्या सायकलींचा व्हॉल्व्ह एकसारखा असेल, तर शाळेत एकच हातपंप, एक पाना, पंक्चरचे साहित्य आणि वीतभर व्हॉल्व्ह-ट्यूब एवढ्यावर वर्षभर सर्वांचे भागते. हातपंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता व्हरांड्यात खिळ्याला टांगावा.